डोंगरावरचा धूर

दिवाळीची झाडलोट म्हणजे विसरलेल्या वस्तूंची हजेरी घेणे. माळ्यावरचे डबे खाली येतात, ट्रंकांची झाकणे उघडतात आणि वर्षभर ज्यांची कुणाला आठवण झाली नाही अशा चिजा एकामागून एक 'हजर' म्हणून उभ्या राहतात. गेल्या वर्षी दसरा झाल्यावर वहिनींनी दादाचे लोखंडी कपाट उघडले. दादाला जाऊन पावणेदोन वर्षे होत आली होती. तोपर्यंत त्या कपाटाला कुणी हात लावला नव्हता.

आमचे घर म्हटले तर एक, म्हटले तर दोन. मध्ये एक भिंत आहे आणि त्या भिंतीत एक दार आहे, ते दिवसा कधी लागत नाही. वहिनी त्या दारातून आल्या आणि माझ्यासमोर त्यांनी एक कागद धरला. विजेच्या बिलांच्या गठ्ठ्यात तो सापडला होता. दादा एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होता. मार्च २०२१ मध्ये त्याने रक्त तपासून घेतले होते, त्याचा तो अहवाल. हिमोग्लोबिन, तांबड्या पेशी, साखर, सगळे ओळीने लिहिलेले. वहिनींचे बोट एकाच ओळीवर होते. पांढऱ्या पेशी : १०,८००. शेजारी छापलेली मर्यादा : ४,००० ते ११,०००.

"भावोजी," त्या म्हणाल्या, "परवा टीव्हीवर एक डॉक्टर सांगत होते, पांढऱ्या पेशी जास्त असल्या की हृदयाला धोका असतो म्हणून. हा कागद दोन वर्षं घरात होता. मीच घडी घालून ठेवला असणार. तेव्हा कुणाला नीट दाखवला असता, तर?"

फेब्रुवारी २०२३ मधल्या एका पहाटे, रात्रपाळी करून घरी आल्यावर, दादा ओट्यावर बसला तो उठला नाही. त्याचे वय बावन्न होते.

वहिनींच्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. "मर्यादेतच तर आहे की," असे काहीसे मी पुटपुटलो. त्या कागद घेऊन परत गेल्या. पण प्रश्न माझ्याकडेच राहिला, आणि तो वैद्यकाचा राहिला नाही. एखादी खूण आपल्या डोळ्यांसमोर असते, आपण ती वाचत नाही आणि मग अनर्थ होतो. तेव्हा त्या अनर्थात आपला वाटा किती? आणि खूण वाचता येऊ लागली, म्हणजे आपण तिच्या आधारे माणसाबद्दल काय बोलावे, काय बोलू नये?

मी डॉक्टर नाही. जुन्या लोकांच्या भाषेत सांगायचे तर मी मॅट्रिक. दहावीच्या पुढे कॉलेजचे दार मी पाहिले नाही. ती दहावी तरी मला मिळाली, कारण दादाने आठवीत शाळा सोडली आणि तो गॅरेजात हात काळे करू लागला. गावातल्या एका लहानशा खासगी शाळेत मी मराठी शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शास्त्र मला ठाऊक ते शाळेतल्या पुस्तकापुरते. तेव्हा वाचकहो, पुढे जे लिहितो आहे ते जाणकाराचे प्रवचन समजू नका. घरातल्या एका प्रश्नाने हैराण झालेला माणूस ज्याला त्याला विचारत फिरला, त्याची ही हकिगत आहे.

पहिल्यांदा मी गेलो तो माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे. तालुक्याच्या बाजारपेठेत तो रक्त-लघवी तपासण्याची प्रयोगशाळा सांभाळतो. त्याने मला स्टुलावर बसवले, चहा मागवला आणि माझा प्रश्न ऐकून घेतला. मग म्हणाला, "सर, आता सगळं मशीन मोजतं. पण पूर्वी कसं मोजायचे ते बघा, म्हणजे आकडा काय असतो ते कळेल."

कपाटातून त्याने एक जाड काच काढली. तिच्यावर अगदी बारीक चौकटी कोरलेल्या होत्या. स्वतःच्याच बोटातले थेंबभर रक्त त्याने एका द्रावणात मिसळले. या द्रावणात आम्ल असते, त्याने तांबड्या पेशी विरघळून जातात आणि जांभळ्या रंगाने पांढऱ्या पेशी उठून दिसतात. रक्त वीस पट पातळ करायचे, काचेवर घ्यायचे आणि चार कोपऱ्यांतल्या चार मोठ्या चौकटींत किती पेशी दिसतात त्या मोजायच्या. जी बेरीज येईल तिला पन्नासने गुणले की एका घन मिलिमीटर रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या मिळते.

मी दुर्बिणीला डोळा लावला. फिकट उजेडात काळसर ठिपके होते, पेरणीच्या वेळी वाफ्यात दाणे पडावेत तसे. मी मनातल्या मनात भागाकार केला. दादाचे १०,८०० म्हणजे दोनशे सोळा ठिपके. एवढेच. त्याच्या बावन्न वर्षांच्या आयुष्याचा जाब आम्ही दोनशे सोळा ठिपक्यांना विचारत होतो.

"आणि रेषेवर बसलेली पेशी?" मी विचारले. "ती आतली धरायची की बाहेरची?"

तो हसला. "डाव्या आणि वरच्या रेषेवरची धरायची, सर. उजव्या आणि खालच्या रेषेवरची सोडायची. कुठं तरी नियम पाहिजे ना! आणि त्याच रक्ताचा दुसरा थेंब घेतला, तर दोनशेसुद्धा भरतील, दोनशे तीससुद्धा भरतील."

मला बरे वाटले आणि वाईटही वाटले. ज्या आकड्याकडे वहिनी विधिलिखितासारख्या पाहत होत्या, त्याच्या कडा इतक्या सैल होत्या.

या पांढऱ्या पेशी म्हणजे काय, हे शाळेच्या पुस्तकात असतेच. रक्तात तांबड्या पेशींचे राज्य. घन मिलिमीटरला पन्नास लाखांच्या आसपास. त्या गर्दीत पाचशे-सातशे तांबड्यांमागे एखादी पांढरी. तिचे काम पहाऱ्याचे. हे काम प्रथम ज्याच्या ध्यानात आले त्याची गोष्ट मी मुलांना नेहमी सांगतो. इल्या मेच्निकॉव्ह नावाचा रशियन प्राणिशास्त्रज्ञ १८८२ साली सिसिलीमधल्या मेसिना गावी राहत होता. घरची मंडळी सर्कस पाहायला गेली होती आणि हा एकटा तारामाशाच्या पारदर्शक पिलांत फिरणाऱ्या पेशी पाहत बसला होता. त्याच्या मनात आले, या पेशी परक्या वस्तूवर धावून जात असतील काय? त्याने बागेतून गुलाबाचे काटे आणले आणि त्या इवल्या जिवांच्या कातडीखाली टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो प्रत्येक काट्याभोवती पेशींनी वेढा घातलेला! १९०८ साली पाउल एर्लिख यांच्या जोडीने त्याला नोबेल पारितोषिक मिळाले ते रोगप्रतिकाराच्या याच अभ्यासासाठी.

इतके दिवस मी गोष्ट इथेच संपवत असे. काटा शत्रू, पेशी रक्षक. मुलांना ती आवडते. पण दादाच्या कागदाने मला तिचा उत्तरार्ध वाचायला लावला.

रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात रक्तातली चरबी अडकून पडते आणि तिथे ती बिघडते. पांढऱ्या पेशींपैकी काही पेशी ही घाण साफ करायला अस्तरात शिरतात आणि चरबी गिळू लागतात. गिळता गिळता इतक्या फुगतात की शास्त्रज्ञांनी त्यांना फेसाळ पेशी असे नाव दिले आहे. त्यांना तिथून धड बाहेर पडता येत नाही. त्या तिथेच मरतात. त्यांना आवरायला आणखी पेशी येतात. अशी ती गाठ वाढत जाते. तिच्यावर जे पातळ कवच असते, तेही या पहारेकऱ्यांच्याच पाचक रसांनी झिजते. एक दिवस ते फुटते, त्यावर रक्ताची गुठळी धरते, आणि हृदयाची वाट बंद होते. रुडोल्फ फिर्खो या जर्मन वैद्याने रक्तवाहिन्यांच्या या विकारात दाह असतो असे १८५०-६० च्या सुमारासच म्हटले होते. मधल्या काळात सगळ्यांचे लक्ष चरबीकडे गेले. १९९९ साली रसेल रॉस या अमेरिकन शास्त्रज्ञाने हा विकार मुळात दाहाचाच आहे असे ठामपणे मांडले, तेव्हा ती जुनी गोष्ट पुन्हा मान्यता पावली.

म्हणजे दादाला मारायला बाहेरून कुणी आले नव्हते. घरच्याच पहारेकऱ्यांनी न संपणाऱ्या कामात घर पाडले.

आता आकड्याचा प्रश्न. रक्तात पहारेकरी जास्त दिसले, तर कुठे तरी धुमसते आहे असे समजावे काय? १९७४ साली कॅलिफोर्नियातल्या तीन संशोधकांनी, फ्रीडमन, क्लॅट्स्की आणि सीगेलॉब यांनी, एक साधी गोष्ट केली. ज्यांना पुढे हृदयविकाराचा झटका आला, त्यांचे झटक्याआधीचे तपासणीचे कागद त्यांनी काढून पाहिले. वहिनींनी काढला तसेच. ज्यांना झटका आला नाही अशांच्या कागदांशी ते ताडले. झटका आलेल्यांच्या पांढऱ्या पेशी आधीपासूनच सरासरीने जास्त होत्या. पुढे अनेक ठिकाणी हेच दिसले. १९९८ साली अशा बऱ्याच अभ्यासांची एकत्र बेरीज केली गेली. संख्येप्रमाणे माणसांचे तीन भाग केले, तर वरच्या भागातल्यांना खालच्या भागातल्यांपेक्षा धोका सुमारे १.४ पट. आणि यासाठी ११,००० ची रेषा ओलांडावी लागत नाही. मर्यादेच्या आतसुद्धा, आकडा जसा वर तसा धोका थोडा थोडा वर.

हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. 'मर्यादेतच आहे,' हे मी वहिनींना दिलेले उत्तर खोटे ठरले होते.

पण सकाळी मास्तराच्या सवयीने मी फळ्यावर मांडावे तसे गणित मांडले. समजा, खालच्या भागातल्या शंभर माणसांत पुढच्या काही वर्षांत दहा जणांना झटका यायचा असेल. तर वरच्या भागातल्या शंभरांत तो चौदा जणांना येईल. चार जण जास्त. ते चार खरे आहेत, कुणाचे तरी दादा आहेत. त्यांना मी थोडे म्हणणार नाही. परंतु उरलेल्या शहाऐंशी घरांतही तसाच कागद कपाटात पडलेला असेल, आणि दिवाळीला तो सापडला तर रद्दीत जाईल. कुणी त्याच्यावर बोट ठेवून रडणार नाही.

इथे माझ्यातल्या कादंबरीकाराची चोरी मला सापडली. कादंबरीत पहिल्या प्रकरणात नायक खोकला की चाणाक्ष वाचक समजतो, हा शेवटच्या प्रकरणात जाणार. कारण तो खोकला मीच तिथे ठेवलेला असतो, आणि शेवट ठाऊक असल्यावर ठेवलेला असतो. कादंबरीत निरर्थक खोकला नसतो. आयुष्यात मात्र बहुतेक खोकले निरर्थकच असतात. माणूस गेला म्हणजे आपण सगळे कादंबरीकार होतो. मागची पाने उलटतो, खुणा शोधतो, आणि म्हणतो, 'हे बघ, इथेच लिहिले होते!' लिहिलेले नसते. आपण आता लिहितो.

लहानपणी आमच्या गावात एक शास्त्रीबोवा होते. न्यायशास्त्रातले ते प्रसिद्ध उदाहरण त्यांनी आम्हा पोरांना शिकवले होते. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे असे अनुमान करावे. उलट मात्र करू नये. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असे नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर कुठे असतो? अग्नीची ओल्या लाकडाशी गाठ पडली तरच धूर निघतो. या ओल्या लाकडाला नैयायिक उपाधी म्हणतात. दोन गोष्टी नेहमी एकत्र दिसल्या तरी त्यांच्यामध्ये लपलेली तिसरी गोष्ट कोणती, हे आधी पाहा, असा त्या शास्त्राचा इशारा.

दादाच्या आकड्याची उपाधी शोधायला मला डोंगरावर जावे लागले नाही. विडी! तंबाखूच्या धुराने रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढतात. हे त्या संशोधकांनाही ठाऊक होते, आणि विडी-सिगारेट सोडली की त्या उतरू लागतात. तंबाखूने हृदयावर घाला पडतो तो आणखी कितीतरी वाटांनी. तेव्हा दादाच्या कागदावरच्या १०,८०० मध्ये किती भाग हृदयाच्या दाहाचा होता आणि किती नुसती विडीची सावली होती, हे वेगळे काढणे माझ्या विद्यार्थ्यालाच काय, कुणालाच आता शक्य नाही. हिरड्यांना सूज असेल, चार दिवसांपूर्वीचा ताप असेल, रात्रपाळीचा शीण असेल. पेशी या सगळ्यांना उत्तर देतात. त्या कुणाचे नाव सांगत नाहीत.

मग वाटले, पहारेकरीच जर घर पाडत असतील, तर त्यांना आवरावे. तसाही प्रयत्न झाला आहे. २०१७ साली एका मोठ्या चाचणीचा निकाल जाहीर झाला. आधी झटका येऊन गेलेली आणि रक्तात दाहाची खूण असलेली दहा हजारांवर माणसे तिच्यात होती. कॅनाकिनुमॅब नावाचे औषध त्यांपैकी काहींना टोचण्यात आले. हे औषध चरबी कमी करत नाही, फक्त दाहाचा एक निरोप मध्येच अडवते. एका मात्रेने झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी घटले. फिर्खोचे म्हणणे खरे ठरले. पण त्याच चाचणीत, औषध घेणाऱ्यांत जंतुसंसर्गाने दगावणारे जास्त निघाले. एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. पहारेकऱ्याला झोपवले, घर पडायचे थोडे थांबले, आणि उघड्या दारातून चोर आत आले.

मला हा निकाल एखाद्या पुराणकथेसारखा वाटला. जे आपले रक्षण करते तेच अति झाले की आपल्याला खाते, आणि ते काढून टाकले तर आपण उघडे पडतो. भीतीचेही असेच नाही का? वहिनींची भीती, माझी भीती, या मनाच्या पांढऱ्या पेशीच आहेत. त्या नसत्या तर कुणी औषध घेतले नसते, कुणी पथ्य पाळले नसते. पण त्यांचे काम संपेनासे झाले म्हणजे त्या आतूनच भिंत पोखरतात. दादा गेल्यापासून वहिनी रात्री-अपरात्री उठून मुलाला फोन करत होत्या. 'बरा आहेस ना?' एवढेच विचारायला.

१९४८ साली अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावी ५,२०९ माणसांच्या हृदयाचा अभ्यास सुरू झाला. त्या अभ्यासातून १९६१ साली वैद्यकाच्या भाषेत एक नवा शब्द रूढ झाला : धोक्याचा घटक. तोपर्यंत माणूस एक तर बरा असे, नाही तर आजारी. या शब्दाने तिसरी अवस्था निर्माण केली. आज काही झालेले नाही, पण उद्या होण्याचा संभव इतक्या पट आहे. या ज्ञानाने असंख्य जीव वाचले आहेत, हे मी विसरत नाही. परंतु 'संभव' हा शब्द माणसांच्या घोळक्याला लागू पडतो. एकट्या माणसाला तो सांगितला की त्याच्या कानात त्याचा 'निकाल' होतो. घोळक्याविषयीचे सत्य एकट्याच्या कपाळावर लिहिण्याचा अधिकार कुणाला?

हा प्रश्न मी मोठ्या ताठ्याने विचारला असता. पण प्रयोगशाळेतून निघताना एक गोष्ट घडली.

मी चप्पल घालत होतो. माझा विद्यार्थी दारापर्यंत आला आणि सहज म्हणाला, "सर, सहावीच्या प्रगतिपुस्तकात तुम्ही शेरा लिहिला होता, तो अजून पाठ आहे. 'अभ्यासाकडे लक्ष नाही. प्रगतीची आशा कमी.'"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणून ते जास्त लागले. मला तो मुलगा आठवला. आठवड्यातून दोन दिवस गैरहजर, गणवेशाला बटण नाही, वही नाही, बाप पिणारा. अशी मुले मी पुष्कळ पाहिली होती, आणि त्यांतली पुष्कळ वाया गेलेली पाहिली होती. माझे अनुमान घोळक्याविषयी खरे होते. मी ते एका अकरा वर्षांच्या मुलाच्या पुस्तकात शाईने लिहिले आणि त्याला शेवटच्या बाकावर बसवले.

त्याच वर्षी तसाच शेरा मी आणखी एका मुलाला दिला होता. तो खरोखरच वाया गेला. इतकी वर्षे त्याच्याकडे बोट दाखवून मी स्वतःला म्हणत आलो, 'मी ओळखले होते.' त्या दिवशी पहिल्यांदा मनात आले, मी ओळखले होते, की मी लावले होते? ओल्या लाकडांत माझाही एक तुकडा नव्हता ना? याचे उत्तर मला मिळालेले नाही, आणि आता मिळणारही नाही. एवढे मात्र ठरवले की पुस्तकात यापुढे मुलाचे भविष्य लिहायचे नाही. 'आठवड्यातून दोन दिवस गैरहजर' असे लिहायचे, आणि मग सायकल काढून त्याच्या घरी जायचे. खूण दिसली तर ती निकाल सांगत नसते. ती आपल्याला जवळ बोलावत असते.

हे सुचले आणि वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर मला दिसू लागले. ते काही सुखाचे नव्हते.

दिवाळीच्या चार दिवस आधी मी मधल्या दारातून पलीकडे गेलो. वहिनी करंज्यांचे सारण भाजत होत्या. मी म्हणालो, "वहिनी, त्या आकड्यावरून कुठल्याही डॉक्टरला सांगता आलं नसतं की दादाला दोन वर्षांनी झटका येईल. वय, रक्तदाब, साखर, चरबी, तंबाखू, हे पाहून डॉक्टर धोक्याचा अंदाज करतात. तो आकडा फार तर त्यात थोडी भर घालतो. कागद घडी करून ठेवला यात तुमची काही चूक नाही."

त्या कढईत उलथणे फिरवत राहिल्या. मी पुढे बोललो नसतो तर चालले असते. पण अर्धे खरे सांगून उठणे मला जमेना.

"पण आपण खूण वाचली नाही, हे खरं आहे," मी म्हणालो. "ती कागदावर नव्हती. ती त्याच्या खिशात होती. मला सगळ्यांत आधी दिसायला हवी होती. लहानपणी त्याच्या विड्या आणायला मीच दुकानात जायचो. मोठा झाल्यावर एकदाही म्हणालो नाही, की दादा, सोड. ज्यानं माझ्यासाठी शाळा सोडली, त्याला आणखी एक गोष्ट सोड म्हणायला मला जीभ उचलेना. मला वाटायचं, हा त्याचा मान आहे. आता वाटतं, तो माझा भित्रेपणा होता."

बराच वेळ फक्त रव्याचा खमंग वास येत राहिला. मग वहिनी म्हणाल्या, "मी रोज शर्ट धुवायला टाकताना बंडल बाहेर काढून ठेवत होते, भावोजी. आणि वाळल्यावर परत खिशात घालत होते. हरवलं तर त्यांची चिडचिड होईल म्हणून."

त्या रडल्या नाहीत. गॅस बंद करून त्यांनी कढई खाली उतरवली. त्या दिवसानंतर त्या कागदाचा विषय घरात निघाला नाही. आम्ही तो फाडला नाही, जपूनही ठेवला नाही; विजेच्या बिलांत होता तसा परत गेला. ज्या दोषाला एकटीने उचलायला त्या निघाल्या होत्या, तो आम्ही दोघांनी वाटून घेतला. वाटून घेतल्याने दोष कमी होतो की नाही, हे नीतिशास्त्राच्या पंडितांनी ठरवावे. उचलायला तो हलका होतो, एवढे मी सांगू शकतो.

जे निष्पन्न झाले ते इतकेच. ज्या खुणा आपल्याला ठाऊकच नव्हत्या, त्यांच्याबद्दल स्वतःला फाशी देऊ नये. लपलेल्या आकड्याच्या मागे लागण्यात एक सोय असते. उघड्या गोष्टीकडे पाहण्यातून सुटका होते. आणि ज्या खुणा उघड आहेत, त्यांच्याबद्दल बोलण्याचे कर्तव्य त्यांच्याच अंगावर पडते, ज्यांना तो माणूस हवा असतो. बोलल्याने तो वाचेलच असे नाही. न बोलण्याला मात्र आपण फार वेळा प्रेम हे नाव देतो.

दिवाळीला पुतण्या आला. पुण्याजवळ कारखान्यात असतो, सव्वीस वर्षांचा आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तो पाया पडायला वाकला, तेव्हा अत्तराच्या आतून मला दुसरा वास आला. दक्षिण आशियातल्या माणसांना पहिला झटका सरासरीने त्रेपन्नाव्या वर्षी येतो, इतर देशांतल्या लोकांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी, असे बावन्न देशांत झालेल्या एका पाहणीत दिसले होते. मी वाचलेले हे सगळे आकडे एकदम ओठांवर आले. मी ते गिळले. बापाच्या पोराला दिवाळीच्या दिवशी आकडे काय सांगायचे?

रात्री जेवणे झाल्यावर तो गच्चीवर गेला. मीही जिना चढून गेलो. कठड्यावरच्या पणत्या वाऱ्याने फडफडत होत्या. मला पाहून त्याने हात मागे घेतला. मी कठड्याला टेकून उभा राहिलो. छाती धडधडत होती. चाळीस मुलांच्या वर्गावर ओरडणारा मी, आणि एवढ्याशा वाक्याला घाबरलो होतो.

"तुझ्या बाबांना मी हे कधी म्हणालो नाही," मी म्हणालो. "तुला म्हणतो. सोड बाबा ती."

तो खाली पाहत राहिला. रागावला असे वाटले नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, "बघतो, काका."

'बघतो' म्हणजे काय ते मला कळते. मुले गृहपाठाबद्दल हेच म्हणतात. त्याने वचन दिले नाही, मी मागितलेही नाही. आम्ही दोघे तिथे थोडा वेळ उभे राहिलो. मग खालून वहिनींनी हाक मारली, पानसुपारीला पाहुणे आले होते, आणि आम्ही विझलेल्या दोन पणत्या पुन्हा लावून खाली उतरलो.